किलोला तेहतीस

"ह्यातली आपली कंची?" सोनबाने विचारलं आणि ओल्या हाताचं बोट सरळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवलं.

"आप्पा, हात लावू नका. डाग पडतो."

"बरं, न्हाई लावत. पर कंची ते सांग की."

ज्योतीरामने माऊसचा बाण खालच्या रेघेवर नेला. "ही निळी आपली, भारताची. वरची लाल आहे ती व्हिएतनामची."

लाल रेघ डावीकडे तळाशी सुरू झाली होती आणि उजव्या कोपऱ्यातून पडद्याबाहेर पडते की काय, अशी चढली होती. निळी मात्र थोडं वर, थोडं खाली करत सुरू झाली त्याच उंचीवर दुसऱ्या टोकाला पोचली होती. सोनबा दोन पावलं मागे सरला. चष्मा कपाळावर चढवून त्याने पुन्हा बघितलं.

"आडवी हाय," तो म्हणाला.

"आडवीच आहे."

"म्हंजे भायेरचा माल आपल्याकडं वाढला न्हाई?"

"बारा वर्षांत नाही वाढला."

"तुझ्या तोंडात साखर पडो रं बाबा," असं म्हणून सोनबा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत बसला. मशीनवरचं माणूस त्या खुर्चीत बसल्याचं ऑफिसात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

चाकणच्या त्या कारखान्यात व्हेनिअर बनत असे. व्हेनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. तो साध्या प्लायवुडवर चिकटवला की कपाट सागवानी दिसतं आणि घरमालकाची मान ताठ होते. ओंडका आधी दोन दिवस वाफाळत्या पाण्याच्या हौदात शिजवायचा, मग स्लायसर नावाच्या भल्यामोठ्या यंत्रावर आवळायचा आणि लांबलचक पात्याने त्याचे पापुद्रे सोलत जायचे. सोनबा या स्लायसर खात्याचा फोरमन होता. कारखाना उभा होता त्या जमिनीतली सव्वा एकर त्याच्या वडलांची, आणि त्या बदल्यात त्याला इथे नोकरी मिळालेली. आत्ता हौद आहे तिथे आमची बाजरी असायची, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. त्याला धरून खात्यात अडतीस माणसं होती.

या अडतीस जणांच्या तोंडचं पाणी दोन महिन्यांपासून पळालं होतं. मुंबईच्या शेठनी प्लांट मॅनेजर दिग्विजय साहेबांकडे एक तक्ता मागितला होता. भारताने आणि व्हिएतनामने गेल्या बारा वर्षांत बाहेरून किती व्हेनिअर आणलं, ते शेजारी शेजारी मांडून पाठवा. कशासाठी, ते शेठनी सांगितलं नव्हतं. शेठ कारणं सांगत नसत. पण मालकाने सांगितलं नाही म्हणून कामगाराला कळत नाही, असं थोडंच असतं? कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी अर्थ लागला. व्हिएतनामवाले तयार पापुद्रा बाहेरून आणतात आणि फर्निचर करून विकतात. आपल्याकडेही तयार मालाची आवक तशीच वाढत असेल तर शेठ म्हणणार, मग आपण ओंडके कशाला शिजवत बसायचं? तयार बंडलं मागवा, स्लायसर बंद करा, माणसं घरी पाठवा. निळी रेघ लालसारखी चढली की अडतीस घरं बसली, इतका सरळ मामला होता.

आणि हा तक्ता करायचं काम आलं होतं ज्योतीरामकडे.

ज्योतीराम परंड्याकडचा. सत्त्याण्णव साली आला, काळेवाडीत दोन खोल्यांत राहिला, अजून तिथेच आहे. एकोणीस वर्षं त्याने जुळणीच्या टेबलावर काढली. सोललेले पापुद्रे क्रमाने मांडायचे, रेषेला रेषा जुळवून नक्षी लावायची, आणि खराब तो बाजूला काढायचा. चिमटीत पापुद्रा धरून तो जाडी सांगायचा आणि मायक्रोमीटर लावला तर मायक्रोमीटरलाच लाज वाटावी इतकी ती बरोबर निघायची. मग मणक्याचं ऑपरेशन झालं, आठ तास उभं राहणं संपलं. दिग्विजय साहेबांनी त्याला घरी न पाठवता ऑफिसात घेतलं. मुलीने, दिपालीने, रविवारी रविवारी बसवून त्याला कॉम्प्युटर शिकवला. बावन्नाव्या वर्षी बाप मुलीच्या शिव्या खात खात आकडेमोड शिकला आणि ऑफिसातली पोरंटोरं त्याला काका म्हणायला लागली. बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नव्हतं आणि तशी त्याची तक्रारही नव्हती.

आकड्यांची फाइल एका एजन्सीकडून आली होती. तिच्यात व्हिएतनामचा माल चौरस मीटरमध्ये होता आणि आपला किलोमध्ये. "काका, दोन्ही एका मापात आणा," दिग्विजय साहेब म्हणाले होते, "नाहीतर शेठ मला खिडकीतून खाली टाकतील." ज्योतीरामला कागदसुद्धा घ्यावा लागला नाही. किलोला तेहतीस. एक किलो सागाचं व्हेनिअर म्हणजे तेहतीस चौरस फूट, हे त्या कारखान्यात दोन वर्षं काढलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारावं. त्याने व्हिएतनामच्या चौरस मीटरांचे फूट केले, आपल्या बाराही वर्षांच्या किलोंना तेहतीसने गुणलं आणि निळी रेघ आडवी आली.

ती बातमी सोनबाने दुपारच्या आत सगळ्या खात्यात पोचवली. गणराज नावाचा तरणा ऑपरेटर कँटीनमध्ये टेबलावर थाप मारून म्हणाला, "दवाखान्यात आडवी रेघ आली की माणूस मेला! आणि आपल्यात आडवी आली की जिवंत! काय राव!" सगळे पोट धरून हसले. कोणीतरी ज्योतीरामच्या ताटात आपल्या वाटणीचं केळं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यामुळे कोणाचं तरी काही भलं झालं होतं, आणि ते त्याला फार आवडलं. ते केळं त्याने घरी नेऊन बायकोला दाखवलं.

हे मंगळवारी. शुक्रवारी दिग्विजय साहेब तक्ता घेऊन मुंबईला जाणार होते.

बुधवारी संध्याकाळी रंभा, म्हणजे ज्योतीरामची बायको, ओट्याशी पोळ्या लाटत उभी होती. रहाटणीच्या एका मेसला ती रोज पोळ्या करून द्यायची.

"खांदे गेले बगा माझे," ती म्हणाली. "मेसवाली म्हन्ती, पोरास्नी जाड चालत न्हाईत, पातळ लाटा. आदी किलोत पंचवीस व्हायच्या. आता चाळीस करायलेय मी."

"मग?"

"मग काय मग? पीठ तेवढंच. ती आपली विचारती, आज किती किलो केलं? म्हन्लं, तितकंच केलं. तिला वाटतंय काम तेवढंच हाय."

ज्योतीराम हसला. "येडीच हैस. पातळ लाटल्यावर किलोनं मोजून कसं चालंल? तिला म्हणावं, पोळ्या मोज. किलो तेवढाच दिसतोय, पण पोळ्या किती वाढल्या ते..."

तो मध्येच थांबला.

"आवो, काय झालं? येवढं काय बघायलाव?"

ज्योतीराम तव्यावरच्या पोळीकडे बघत होता. किलोला तेहतीस हा हिशेब अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्याचा. त्यांच्या स्लायसरवर नेहमी अर्धाच निघायचा, पातं त्यालाच बसवलेलं, म्हणून सगळ्यांना तो आकडा पाठ. पण बाहेरून येणारा माल? तो तर वर्षागणिक पातळ होत चालला होता. हे ज्योतीरामला माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात जोडीला थोडी परदेशी बंडलंही येत, आणि टेबलावर असताना ती सोडवताना त्यानेच दहादा म्हटलं होतं, हे व्हेनिअर आहे का कांद्याचं साल? बोटांना ठाऊक होतं, आणि गुणाकार करताना बोटांना विचारायचं राहून गेलं. ऑफिसातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने केला असता तर त्याने जाडी किती धरायची म्हणून चार जणांना विचारलं असतं. पाठ असलेल्या माणसाने विचारलं नाही.

रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

गुरुवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी स्टोअरमध्ये गेला. दर वर्षी आलेल्या परदेशी बंडलातला हातभर तुकडा तारीख घालून ठेवायची त्याची जुनी सवय होती, आणि तो ऑफिसात गेल्यावरही स्टोअरवाल्याने ती चालू ठेवली होती. बारा तुकडे एकाखाली एक मांडून त्याने मायक्रोमीटर लावला. पहिला तुकडा अर्ध्या मिलिमीटरचा. मग कमी, अजून कमी. शेवटचा पाव भरला. किलोला तेहतीस नाही, किलोला सहासष्ट.

जागेवर येऊन त्याने प्रत्येक वर्षाला त्या त्या जाडीचा हिशेब घातला. निळी रेघ उठली. पहिली दोन वर्षं रांगत गेली, मग चढत चढत लाल रेघेच्या खांद्याला लागली. दोन देश जवळजवळ बरोबरीने चालले होते.

फाइल बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, केलेला बदल ठेवायचा का? त्याने 'नाही' दाबलं.

त्याने हे अडतीस घरांसाठी केलं, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. गणराजचं वर्षापूर्वी लग्न झालं होतं. सोनबाला निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पण सगळं खरं सांगायचं तर ताटातलं ते केळंही त्याच्या डोक्यात होतं. आणि लाजही होती. एकोणीस वर्षं जाडी बोटांवर ओळखणारा माणूस जाडीतच चुकला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुपारी दिग्विजय साहेब टेबलाशी आले. "काका, शेवटचं विचारतो. आकडे फायनल ना? उद्या सकाळी सहाला निघतोय मी."

"फायनल, साहेब," ज्योतीराम म्हणाला.

सोमवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. ते कोल्हापूरकडचे, वयाने छत्तीसचे, एरवी येता जाता शीळ घालणारे. आज त्यांनी दाढीही केली नव्हती.

"बसा, काका. स्लायसर विकला शेठनी."

ज्योतीरामला वाटलं आपण भलतंच ऐकलं. "कोणाला?"

"व्हिएतनामला. तिथली एक पार्टी मागेच लागली होती. महिनाअखेर खातं बंद."

"पण साहेब, आपली रेघ तर आडवी होती!"

"तेच तर." दिग्विजय साहेबांनी टेबलावरचा तक्ता त्याच्याकडे सरकवला. "शेठनी हा बघितला. अर्धं मिनिटसुद्धा नाही. म्हणाले, बाहेरचा माल बारा वर्षांत वाढला नाही. आपण इथे बनवतो तोही तेवढाच आहे. म्हणजे या देशात व्हेनिअर कोणाला नकोच आहे. आणि तिकडे बघा, कशी भूक लागलीय. मेलेल्या बाजारात यंत्र कशाला ठेवायचं? ज्याला गरज आहे त्याला देऊन टाकू."

"आणि... वाढला असता तर?"

साहेबांनी ड्रॉवर उघडून एक जाड लिफाफा काढला. "हे नव्या पात्याचं कोटेशन. पाव मिलिमीटरचा पापुद्रा काढणारं. तीन वर्षं माझ्याकडे पडून आहे. शेठ म्हणाले होते, तक्त्याबरोबर हेही घेऊन ये. बाजार वाढताना दिसला तर तिथेच सही करतो. त्यांनी लिफाफा उघडलासुद्धा नाही."

ज्योतीराम खुर्चीचे हात धरून बसला होता. कँटीनमधल्या अडतीस जणांनी, सोनबाने, त्याने स्वतः, सगळ्यांनी मालकाचा प्रश्न आपापल्या भीतीने ठरवला होता. मालकाचा प्रश्न वेगळाच होता. त्याला बाजार किती मोठा झाला ते बघायचं होतं, आणि बाजार दुप्पट झाला होता, आणि हे अख्ख्या कारखान्यात एकट्या ज्योतीरामला गुरुवारपासून ठाऊक होतं.

"साहेब, तक्ता चुकलाय," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. तेहतीस, पोळ्या, बारा तुकडे. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की साहेबांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "शेठना फोन करा. आत्ता करा. मी बोलतो, माझी चूक मी सांगतो. पाया पडतो तुमच्या, साहेब."

दिग्विजय साहेब फोन घेऊन बाहेर गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. चार मिनिटांनी ते परत आले.

"करार शनिवारी झाला. पार्टीचा ॲडव्हान्सही आला." ते बसले नाहीत. "शेठनी विचारलं, चूक कोणाची. मी एजन्सीची सांगितली. आता ती एजन्सीचीच आहे, काका. बाहेर एक अक्षर बोलू नका. तुमची नोकरी राहतेय. उरलेल्या ऑर्डरींना माल आता तयारच मागवायचा, ते आयातीचं टेबल तुम्हाला द्यायचं म्हणालेत शेठ. तक्ता नीटनेटका होता म्हणे."

बाहेर आल्यावर ज्योतीराम बाथरूममध्ये जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.

त्या महिन्यात त्याने जे करता येईल ते केलं, आणि त्यातलं काहीच चाललं नाही. बरोबर तक्ता काढून, पत्र लिहून, त्याने शेठच्या नावाने कुरिअर केला. पोचल्याची पावती आली, बाकी काही नाही. एका रविवारी तो शिवाजीनगरहून एसटीने मुंबईला जाऊन आला. रविवारी ऑफिस बंद असतं हे वॉचमनने त्याला सांगितलं, जणू ते त्याला माहीत नव्हतं. माहीत होतं, पण कामाच्या दिवशी जायला रजा मागावी लागली असती आणि रजेला कारण द्यावं लागलं असतं. म्हाळुंग्याच्या आणि कुरुळीच्या तीन कारखान्यांत त्याने गणराजसाठी आणि आणखी चौघांसाठी शब्द टाकला. तिथे स्लायसर कोणाला माहीत नव्हता. घरी रंभा विचारायची, "नोकरी तर ऱ्हायली ना तुमची? मग असं मड्यावानी का बसायलाव?" तो म्हणायचा, पाठ दुखते.

यंत्र न्यायला व्हिएतनामहून दोघं जण आले. बारीक अंगाचे, अतिशय अदबशीर. प्रत्येक भाग सुटा करायच्या आधी त्याचा फोटो काढायचे आणि नंबराची चिठ्ठी लावायचे. सोनबाने त्यांना भाषा नसताना सगळं समजावलं: पातं कुठे अडतं, कोणता बोल्ट उलटा फिरतो, पावसाळ्यात कुठे गंज धरतो. त्यांना रोज दोनदा चहा पाजला. पेटीत घालायच्या आधी त्याने पातं स्वतः पुसलं आणि त्याला दोन वेळा ग्रीस लावलं.

"आप्पा, जाऊ द्या की," गणराज चिडून म्हणाला. "आता ते त्यांचं झालं."

"समुद्रातनं जायाचंय त्येला. गंजलं तर त्ये म्हनतील, असली मानसं हुती व्हय तिथं? आपलं नाव खराब हुईल."

ज्योतीराम हे ऑफिसच्या खिडकीतून बघत होता. खाली जायचं धाडस त्याला होत नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला खात्याने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. म्हणजे स्लायसरच्या रिकाम्या चौथऱ्यासमोर दोन टेबलं, समोसे आणि एक हार घातलेला फोटो विश्वकर्म्याचा. ज्योतीरामला बोलावणं आलं. येत नाही म्हणाला तर गणराज हाताला धरून घेऊन गेला. तिथे गेल्यावर त्याला कळलं की निरोप खात्याचा असला तरी सत्कार त्याचा आहे.

सोनबा बोलायला उभा राहिला. असं बोलायची त्याला सवय नव्हती. "आपल्यातला येकच मानूस वर हापिसात गेला, ह्यो ज्योतीराम. त्यानं आपली बाजू पार शेठपतूर लावून धरली. आपली रेघ खरी हुती. त्यातनं शेठनं उलटा अर्थ काढला त्येला ह्यो तरी काय करनार? आपन त्येचं उपकार इसरायचं न्हाईत." आणि त्याने ज्योतीरामच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

ज्योतीरामने फक्त 'धन्यवाद' म्हटलं असतं तरी भागलं असतं. साहेबांनी दिलेला रस्ता मोकळा होता. चूक एजन्सीची झाली होती, इथल्या कोणाला ती कळलीही नव्हती. तो उभा राहिला.

"रेघ खरी नव्हती," तो म्हणाला.

टाळ्या संपून कोणी समोशांकडे वळत होतं, ते थांबलं.

"मी सगळ्याला किलोला तेहतीस धरले. बाहेरचा माल पाव मिलिमीटर झालाय, तुम्हाला सगळ्यांना माहितीय. मलाच सुचलं नाही. खरी रेघ वर जाते. वर गेलेली दिसली असती तर शेठ पातळ कामाचं नवं पातं घेणार होते. खातं चालू राहिलं असतं. माझ्यामुळे बंद पडलं."

आधी गणराज म्हणाला, "काका, चूक झाली. चूक कोणाचीबी होते. त्यात काय..." आणि त्याने सोनबाकडे बघितलं, त्यानेही तसंच म्हणावं म्हणून.

सोनबा ज्योतीरामकडे बघत होता. "कवा कळलं तुला?" त्याने विचारलं.

"गुरुवारी. सकाळी."

"आन् सायेब म्हमईला गेलं कवा?"

"शुक्रवारी."

"म्हंजे येक दिस हुता."

"होता, आप्पा."

"सायबांनी इचारलं न्हाई तुला?"

"विचारलं. मी फायनल म्हटलं. मला वाटलं, रेघ वर गेली तर तुम्हा सगळ्यांना घालवतील. मला वाटलं मी वाचवतोय तुम्हाला."

सोनबाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. "आमाला इचारायचं हुतंस," तो म्हणाला. "येकाला तरी इचारायचं हुतंस रं." त्याचा आवाज चढला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर ज्योतीरामने त्या आनंदाने घेतल्या असत्या.

"आणि तुमची नोकरी, काका?" गणराजने विचारलं. आता त्याचा आवाज वेगळा होता.

"आहे," ज्योतीराम म्हणाला.

त्याने शाल काढून घडी घातली आणि नारळाबरोबर टेबलावर ठेवली. कोणी ती उचलून परत त्याच्या हातात दिली नाही. समोसे तसेच राहिले. सोनबाचं घर कारखान्यामागेच होतं, तो मागच्या फाटकाने चालत निघून गेला. बाकीचे एकेक करत आपापला डबा, टॉवेल, चपला गोळा करायला लागले. साडेपाचला कंपनीची बस सुटायची.

ज्योतीराम बसमध्ये शिरला तेव्हा पुढची सगळी सीटं भरली होती. मागे दोघांच्या बाकावर खिडकीशी जागा होती, तिथे तो बसला. त्याच्यामागून गणराज आणि बॉयलरवरचा एक जण चढले. दुसरीकडे कुठे जागा नव्हती. दोघांनी त्या बाकाकडे बघितलं आणि वरची दांडी धरून उभे राहिले.

"बस की, गणराज," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "मोशीला लई जाम हाय. तासभर लागंल."

"ऱ्हाऊ दे," गणराज म्हणाला.

बस निघाली. मोशीला खरंच जाम होता. भोसरीच्या पुलाखाली ब्रेक लागला तेव्हा गणराजचा खांदा दांडीवर आपटला, त्याने हात बदलला आणि पुन्हा उभा राहिला. नाशिक फाटा गेला, पिंपरी गेली. ज्योतीराम अंग आक्रसून खिडकीच्या काचेला चिकटून बसला होता. पिशवी त्याने शेजारच्या जागेवर ठेवली नाही, मांडीवरच धरली होती. कोणाला बसावंसं वाटलं तर जागा पुरेशी असावी म्हणून. काळेवाडी फाट्यापर्यंत ती रिकामीच राहिली.